तीन वर्षांच्या पोराचा खटला

श्रोतेहो, नमस्कार.

1603 साली राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक, राज्यं दोन. हे ध्यानात असू द्या, राजा एक, पण राज्यं दोन. पार्लमेंटं दोन, कायदे दोन, चर्चही निरनिराळी. फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजाच इंग्रजांनी मारला होता, त्याला अजून शंभर वर्षं व्हायची होती.

जेम्सला मात्र एकच देश हवा होता. 1604 मध्ये त्याने स्वतःला ग्रेट ब्रिटनचा राजा म्हणवून घेतलं. सोन्याचं नवं नाणं पाडलं, त्यावर लॅटिनमध्ये बायबलचं वचन कोरलं : मी त्यांचं एक राष्ट्र करीन. 1606 मध्ये दोन क्रूस जोडून झेंडा केला. पण इंग्लंडचं पार्लमेंट काही बधेना.

आणि इथे येतो माझा लाडका रॉबर्ट. एडिनबराच्या बाजूचं, जेमतेम तीन वर्षांचं पोर. त्याच्या नावावर लंडनजवळ शोरडिचला जमीन घेतली गेली, आणि घेतली ती मुद्दाम, खटला उभा राहावा म्हणून. जमीन दुसऱ्यांनी बळकावली अशी फिर्याद पालकांनी पोराच्या वतीने लावली. प्रतिवादी म्हणाले, हा स्कॉटलंडात जन्मलेला, म्हणजे परका. परक्याला इंग्लंडात जमिनीसाठी दावा लावता येत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला खेटे घातलेल्यांना या पेचाची धार लगेच कळेल.

पोराच्या बाजूने राजाचा सरकारी वकील फ्रान्सिस बेकन उभा राहिला. चौदा न्यायाधीश बसले. 1608 मध्ये बारा विरुद्ध दोन असा निकाल लागला : प्रजेची निष्ठा राजाशी असते, आणि ती जन्मासोबत येते. रॉबर्ट जन्मला तेव्हा जेम्स दोन्हीकडचा राजा होता, म्हणून रॉबर्ट इंग्लंडातही परका नाही. पण 1603 च्या आधी जन्मलेले स्कॉट परकेच राहिले. ऐकताय ना? एकाच घरात बाप परका आणि लेक आपला!

आपल्या शाळांत इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या. माझं ठाम मत आहे, मुलांच्या हाती एकदा तरी कोर्टाचे जुने कागद द्यावेत. माणसं कशावरून भांडत होती ते तिथे दिसतं.

पार्लमेंट एक व्हायला पुढे 1707 साल उजाडलं. तोवर निकालाचं तत्त्व समुद्रापार पोचलं होतं. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देणारी 1668 ची सनद पाहा. मुंबईत राहणाऱ्या राजाच्या प्रजेला तिथे जी मुलं होतील, ती इंग्लंडातच जन्मली असं धरावं, असं कलम तिच्यात घातलेलं आहे.