चिनी कारखान्याचे बळ, चिनी घराची काटकसर

श्रोतेहो, विषयाला हात घालण्याआधी ही वस्तू पाहा. करंगळीच्या पेराएवढी ही करडी पट्टी म्हणजे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरीत अशी अनेक चुंबके बसवलेली असतात. मोटर तापली की त्यांचा जोर ओसरू लागतो, आणि तो टिकावा म्हणून त्यांत डिस्प्रोसियम किंवा टर्बियम किंचित मिसळावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवले, तेव्हा चीनने या दोहोंसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैपर्यंत पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकच्या उत्पादनावर परिणाम होणार असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचे, झळ मात्र आकुर्डीपर्यंत.

‘दुर्मीळ’ हे नाव तसे फसवे आहे. ही मूलद्रव्ये केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही सापडतात. अवघड असते ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे, कारण रासायनिक गुणधर्मांत ती जुळ्या भावंडांसारखी असतात आणि आम्ल व द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून गेल्याखेरीज सुटी होत नाहीत. हे काम घाणीचे असते आणि त्यात नफाही बेताचाच. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण २००२ मध्ये बंद पडली. चीनने मात्र नदीनाल्यांची हानी सोसून हे काम नेटाने चालू ठेवले, आणि आज जगातल्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के वाटा त्याच्याकडे आहे.

स्वस्त मजुरी हे चीनच्या यशाचे कारण अजूनही सांगितले जाते, पण ते आता शिळे झाले आहे. तिथला कामगार भारतातल्या किंवा व्हिएतनाममधल्या कामगारापेक्षा महाग पडतो. खरे बळ पुरवठादारांच्या दाटीत आहे. शेनझेनमध्ये नवे यंत्र घडवू पाहणाऱ्याला सर्किट बोर्ड, साचा, बॅटरी आणि स्क्रूसुद्धा शहराच्या आसपासच मिळतात, आणि साचा चुकला तर तो दुरुस्त करणारा कारागीरही हाकेच्या अंतरावर असतो. ही वीण शुल्क लावून उसवत नाही आणि अनुदान देऊन पाच वर्षांत विणताही येत नाही. तयार माल नेणारे शांघाय बंदर २०२४ मध्ये वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ५ कोटींच्या पुढे गेले. आपल्या न्हावाशेव्याने त्याच वर्षी सुमारे ७० लाख हाताळले.

पण हे सारे कोणाच्या पैशाने उभे राहिले? माझ्या मते चीनच्या बळाचा आणि दुबळेपणाचा उगम या एकाच प्रश्नात सापडतो. चीनच्या जीडीपीत घरगुती खर्चाचा वाटा जेमतेम ४० टक्के आहे. भारतात तो ६०च्या आसपास आहे. अनेक वर्षे सरकारी बँकांनी ठेवीदारांना तुटपुंजे व्याज दिले आणि तोच पैसा कारखाने, रेल्वे व बंदरे यांना स्वस्तात पुरवला. ‘हुकोऊ’ या नोंदणीपद्धतीमुळे खेड्यातून आलेल्या कोट्यवधी कामगारांना शहरातली शाळा आणि दवाखाना यांचा पुरता हक्क मिळत नाही, म्हणून आजारपण आणि म्हातारपण यांची तजवीज ज्याची त्याने करायची. ६० कोटी चिनी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम १,००० युआन आहे, हे मे २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली केचियांग यांनीच सांगितले होते. ज्या विहिरीवर मोट चालली, त्याच विहिरीचे पाणी घरच्या हंड्याला कमी पडले.

साठवलेला पैसा लोकांनी घरांत घातला. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा आणल्या, डिसेंबर २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही बलाढ्य कंपनी कर्जफेडीत चुकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात अनेक शहरांतल्या ग्राहकांनी ताबा न मिळालेल्या फ्लॅटचे हप्ते थांबवले. (ताबा न मिळालेला फ्लॅट म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नसावी.) जमीन विकून तिजोरी भरणाऱ्या स्थानिक सरकारांचे उत्पन्न त्यामुळे आटले.

तरीही प्रत्येक प्रांताला आपला मोटार कारखाना हवाच असतो. हफेई शहराने २०२० मध्ये अडचणीतल्या निओ कंपनीत पैसा ओतून तिला वाचवले, आणि ते धाडस फळलेही. पण अशी जुगारी हिंमत डझनावारी शहरांनी केली की गिऱ्हाइकांपेक्षा गाड्या अधिक होतात. मग किमती पाडण्याची चढाओढ लागते. चिनी लोक तिला ‘नेईच्युआन’ म्हणतात, म्हणजे आतल्या आत पीळ बसत जाणे. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे भाव ऑक्टोबर २०२२ पासून तीन वर्षे सतत आदल्या वर्षापेक्षा खालीच राहिले. घरी न खपलेला माल बाहेर जातो. २०२४ मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा सुमारे ९९ हजार कोटी डॉलरने जास्त होती. याचा अर्थ, ज्या अमेरिकेशी आणि युरोपशी स्पर्धा आहे, त्यांच्याच बाजारावर चिनी कामगाराची नोकरी टांगलेली आहे.

दुसरी उणीव चिपची. चिप आयात करण्यावर चीन कच्च्या तेलापेक्षा जास्त खर्च करतो, आणि अतिसूक्ष्म चिप छापणारी नेदरलँड्समधल्या एएसएमएलची सर्वांत प्रगत यंत्रे त्याला मिळत नाहीत. ही उणीव पैसा आणि अभियंते लावून भरून निघू शकेल, असे मला वाटते. लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे, पण तिचे चटके बसायला अजून अवधी आहे.

घरचा खर्च वाढवायचा तर मात्र पैसा कारखान्याकडून माणसाकडे वळवावा लागेल, आणि तिथेच बीजिंगचा हात आखडतो. ग्रामीण वृद्धाला तिथे महिन्याला सरासरी २०० युआनच्या आसपास पेन्शन मिळते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिच्या किमान रकमेत भर घातली ती २० युआनची, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण अडीचशे रुपयांची.