दृष्टिपटल : डोळ्यात उतरलेला मेंदू

(दृश्य : हर्णै बंदराची पुळण, मासळीचा लिलाव.)

हर्णैच्या पुळणीवर लिलावासाठी मासळी मांडली जाते तेव्हा बांगडा, मुशी (लहान शार्क) आणि माकूल (स्क्विड) शेजारी शेजारी येतात. बांगड्याचा ताजेपणा गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यावरून जोखते, पण माकुलाचा डोळाही तितकाच निरखून पाहण्याजोगा असतो. पुढे भिंग आणि मागे प्रकाश टिपणारा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, अशी त्याची घडण वरवर पाहता माशाच्या डोळ्यासारखीच आहे. दृष्टिपटलाच्या आतली मांडणी मात्र थेट उलटी आहे. माकुलाच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोके भिंगाकडे वळलेली असतात. बांगडा, मुशी, पुळणीवर घिरट्या घालणारी घार आणि लिलाव पुकारणारा माणूस या साऱ्या पृष्ठवंशीयांत त्याच पेशी भिंगाकडे पाठ करून उभ्या असतात आणि प्रकाशाला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी इतर चेतापेशींचे थर ओलांडावे लागतात.

या उलट्या मांडणीचे मूळ गर्भावस्थेत आहे. माकुलाचे दृष्टिपटल त्वचेच्या थरापासून घडते. मानवी गर्भात मात्र चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी फुगवटे येतात, ते त्वचेच्या दिशेने वाढतात आणि आत दबून दुहेरी भिंतीच्या पेल्याचा आकार घेतात. पेल्याच्या आतल्या भिंतीपासून दृष्टिपटलाच्या चेतापेशी तयार होतात आणि बाहेरच्या भिंतीपासून काळसर रंजकस्तर. दृष्टिपटल हा मेंदूचाच भाग आहे, हे विधान म्हणूनच अलंकारिक नाही.

पाठ करून उभे राहण्याचा एक फायदाही आहे. प्रकाशग्राही पेशींची टोके रंजकस्तरात रुतलेली असल्यामुळे हा स्तर त्यांची झिजलेली टोके रोज गिळून टाकतो, आणि साधारण दहा दिवसांत ती टोके पूर्ण नवी होतात. मुशीच्या डोळ्यात त्याही मागे ग्वानिनच्या चकचकीत स्फटिकांचा थर असतो. एकदा हुकलेला प्रकाश तो परत पेशींवर फेकतो, आणि अंधाऱ्या पाण्यात तेवढी दुसरी संधी मोलाची ठरते.

तोटा एकच, पण प्रत्येकाला तपासून पाहता येईल असा आहे. चेतातंतू आतल्या बाजूला असल्याने डोळ्याबाहेर पडण्यासाठी त्यांना दृष्टिपटलाला भोक पाडून जावे लागते, आणि तेथे प्रकाशग्राही पेशी नसतात. हा अंधबिंदू. किनाऱ्यावर उभे राहून डावा डोळा मिटावा आणि उजव्या डोळ्याने क्षितिजावरच्या एका ठिकाणी नजर खिळवावी. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची असते. नजरेच्या उजवीकडे दीड मूठ अंतरावर असलेली दूरची होडी नाहीशी होते, आणि तिच्या जागी भोक न दिसता समुद्र दिसतो. अंधबिंदूची रुंदी सुमारे 5 अंश असल्यामुळे पौर्णिमेचे दहा चंद्र त्यात ओळीने मावतील.

(दृश्य : पहाटेपूर्वीचा अंधार, समुद्रावर दूर एक मिणमिणता दिवा.)

मानवी दृष्टिपटलात सुमारे 12 कोटी दंडाकार पेशी आणि सुमारे 60 लाख शंक्वाकार पेशी असतात. दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात काम करतात, तर शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात. अंधारात एका दंडाकार पेशीला चाळवण्यास प्रकाशाचा एक फोटॉनही पुरतो. मात्र पेशी चाळवते म्हणजे काय होते, हे पाहिल्यावर पहिल्यांदा कोणीही बुचकळ्यात पडेल. शरीरातल्या बहुतेक संवेदी पेशी उद्दीपन मिळाले की संदेशक रसायन अधिक प्रमाणात सोडतात. दंडाकार पेशी मात्र अंधारात ग्लुटामेट हे आपले संदेशक रसायन सतत सोडत असते आणि प्रकाश पडला की ते सोडणे कमी करते. ऱ्होडॉप्सिन या रंजकातला रेटिनल हा रेणू फोटॉनमुळे वाकड्याचा सरळ होतो, त्यापासून विकरांची साखळी सुरू होते, पेशीतला चक्रीय जीएमपी हा निरोप पोहोचवणारा रेणू घटतो, त्यावर उघडी राहणारी सोडियमची दारे मिटतात आणि पेशीचा विद्युत्‌दाब उणे 40 मिलिव्होल्टांवरून आणखी खाली जातो. माकुलाच्या पेशीत याच्या उलट, प्रकाशाने दाब वर चढतो.

रेटिनल हा रेणू 'अ' जीवनसत्त्वापासून बनतो. जॉर्ज वॉल्ड यांना 1933 मध्ये दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व सापडले आणि आहारात ते कमी पडले की रातांधळेपणा का येतो, याचा उलगडा झाला. दिव्याच्या झोतातून अंधारात आल्यावर रंजक पूर्ववत साठायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

अंधार आणि उजेड या दोन्ही बातम्या एकाच रसायनातून पुढे जायच्या असल्याने दृष्टिपटल येथे एक युक्ती करते, आणि माझ्या मते साऱ्या रचनेतील ती सर्वांत देखणी आहे. प्रकाशग्राही पेशींपुढच्या द्विध्रुवी पेशी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकाराच्या ग्राहकामुळे, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनामुळे, ग्लुटामेट त्यांना उद्दीपित करते, तर दुसऱ्याच्या ग्राहकामुळे तेच ग्लुटामेट त्यांना शांत करते. परिणामी उजेड वाढल्याची बातमी एका वाटेने जाते आणि कमी झाल्याची दुसऱ्या वाटेने. मावळतीच्या आकाशावर माडाची काळी झावळी दिसते तेव्हा ती काळी असणे ही दृष्टिपटलाच्या दृष्टीने एक स्वतंत्र, जोरकस बातमी असते.

या उभ्या वाटांना दोन ठिकाणी आडव्या वाटा छेदतात. बाहेरच्या बाजूला क्षैतिज पेशी असतात. त्या आजूबाजूच्या प्रकाशग्राही पेशींची सरासरी घेऊन ती प्रत्येक पेशीच्या संदेशातून वजा करतात, त्यामुळे सपाट, एकसारखा उजेड जवळजवळ गळून पडतो आणि कडा उठून दिसतात. सड्यावरच्या जांभ्यावर पडलेल्या सावलीची कड नीट पाहिल्यास सावलीकडच्या बाजूला जास्त काळी आणि उजेडाकडच्या बाजूला जास्त उजळ अशी बारीक पट्टी दिसते. जांभ्यावर ती पट्टी नसते. अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये अशा पट्ट्यांचे वर्णन केले, आणि शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात याचा विद्युत्‌पुरावा पुढे हाल्डन हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यावर मिळवला. नालखेकडा कोकणच्या किनाऱ्यावर आढळत नाही. त्याचे भाऊबंद भारतात ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आहेत. वॉल्ड, हार्टलाइन आणि राग्नार ग्रानिट यांना 1967 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आतल्या बाजूच्या आडव्या पेशींना अ‍ॅमाक्राइन पेशी म्हणतात. त्यांचे प्रकार अनेक आहेत आणि कित्येकांचे काम अजून उलगडायचे आहे. सशाच्या दृष्टिपटलातून निघणाऱ्या काही तंतूंचे संदेश वस्तू एका विशिष्ट दिशेने सरकली तरच वाढतात, हे होरेस बार्लो आणि विल्यम लेविक यांनी 1965 मध्ये दाखवले. ही दिशेची निवड तारकाकृती अ‍ॅमाक्राइन पेशींमुळे घडते. मेंदूच्या मुख्य भागापर्यंत चित्र पोहोचण्याआधीच गतीची दिशा ठरलेली असते.

शेवटचा थर गुच्छिका पेशींचा. त्यांचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते, आणि त्यात तंतू असतात सुमारे 10 ते 12 लाख. साडेबारा कोटी पेशींची माहिती एवढ्याच तंतूंतून जायची असल्यामुळे काटकसर अटळ आहे, पण ती सर्वत्र सारखी नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरील गर्तिकेत, म्हणजे छोट्या खळग्यात, वरचे थर बाजूला सरकलेले असतात, आणि जवळजवळ प्रत्येक शंक्वाकार पेशीला स्वतःची वाट मिळते. कडेला मात्र शेकडो दंडाकार पेशींचे संदेश एका गुच्छिका पेशीत एकवटतात, म्हणून तेथे बारकावे हरवतात आणि अंधुक उजेड टिपता येतो. गर्तिकेच्या केंद्रात दंडाकार पेशी नाहीतच. पहाटेपूर्वी दूरच्या होडीचा मिणमिणता दिवा रोखून पाहिल्यावर विझल्यासारखा वाटतो आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा उमटतो, त्याचे कारण हे.

काही मोजक्या गुच्छिका पेशी मेलॅनोप्सिन या रंजकाच्या साहाय्याने स्वतःही प्रकाश ओळखतात. त्या मेंदूतल्या दैनिक घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात. 2002 मध्ये त्यांचे कार्य स्पष्ट झाले.

(दृश्य : दृष्टिपटलाच्या थरांचे रेखाचित्र, प्रकाशग्राही पेशींचा थर पुसट होत जातो.)

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात प्रकाशग्राही पेशी मरत जातात, पण पुष्कळ गुच्छिका पेशी वाचतात. या वाचलेल्या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारे, मूळ शैवालातले प्रथिन जनुकाद्वारे बसवल्यावर एका दृष्टिहीन रुग्णाला टेबलावरील वही शोधता आली, असा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याला खास गॉगल घालावा लागत असे. गुच्छिका पेशींना कच्चा प्रकाश कधीच मिळालेला नसतो, त्यांना सवय असते ती आधी गाळून, वजा करून, निवडून आलेल्या संदेशांची. म्हणून गॉगलमधला कॅमेरा प्रत्येक बिंदूवरील उजेडातला बदल तेवढा टिपत असे आणि त्याचेच पिवळसर नारिंगी ठिपके दृष्टिपटलावर टाकत असे.