बंबातले पाणी आणि वाकडी विनाशिका

विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे, मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहायला मिळते. त्याच परिसरातील आमच्या कौलारू घराच्या पडवीत सध्या एक फार लहान नौका दुरुस्तीला आली आहे. अमेरिकेच्या फ्लेचर वर्गातील विनाशिकेची ही प्लास्टिकची, सुटे भाग जोडून बनवायची प्रतिकृती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या वर्गाच्या १७५ नौका बांधल्या गेल्या. मूळ नौकेची लांबी सुमारे ११५ मीटर. १:३५० या प्रमाणात ती जेमतेम ३३ सेंटिमीटर भरते.

खोके उघडले तेव्हा हलचा, म्हणजे नौकेच्या सांगाड्याचा, डावा भाग सरळ होता आणि उजवा वाकलेला. डोळ्यांना भास होऊ नये म्हणून खिडकीची एक जुनी काच पाटावर ठेवली आणि ज्या कडा एकमेकींना चिकटवायच्या असतात त्या खाली करून दोन्ही भाग तिच्यावर टेकवले. उजव्या भागाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि मागचे टोक काचेला टेकले, पण मधोमध खालून उजेड दिसत होता. फट तीन मिलिमीटरची होती. मूळ नौकेच्या मापात सांगायचे तर एक मीटरहून अधिक.

हा बाक येतो कुठून? किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. दोनशे अंशांहून अधिक तापलेले वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात भरले जाते आणि थंड होताना ते साधारण अर्धा टक्का आकसते. तेहतीस सेंटिमीटरच्या भागात हे आकसणे दीड-दोन मिलिमीटरचे होते आणि साचा तेवढा मोठा करूनच घडवलेला असतो. त्यामुळे आकसण्याची अडचण नसते, अडचण असते ती असमान आकसण्याची. जाड भाग उशिरा निवतो, पातळ भाग लवकर. साच्याची एक बाजू दुसरीपेक्षा गरम राहिली, तर गरम बाजू नंतर आकसते आणि आधीच घट्ट झालेल्या बाजूला आपल्याकडे ओढून घेते. त्यात भाग पुरेसा निवण्याआधीच साच्यातून बाहेर काढला गेला, तर त्याला सरळ धरून ठेवणारे काहीच उरत नाही. आमच्याकडचा उन्हाळा यासाठी उगाच बदनाम आहे. पॉलिस्टायरीन मऊ व्हायला शंभर अंशांच्या आसपासची उष्णता लागते. पस्तीस अंशांच्या उकाड्यात माणूस वितळतो, प्लास्टिक नाही. बंद मोटारीच्या काचेमागे उन्हात ठेवलेल्या खोक्याची गोष्ट मात्र वेगळी.

अशा वेळी पहिला मोह होतो तो दोन्ही भाग बोटांनी दाबून, टेपने आवळून सिमेंट लावण्याचा. माझ्या पहिल्या जहाजावर मी नेमके तेच केले होते. सांधा छान बसला, रंगही झाला, आणि आठ दिवसांनी तळाशी केसाएवढी भेग उघडली. मॉडेलचे सिमेंट म्हणजे फेविकॉलसारखा चिकट पदार्थ नव्हे. ते द्रावक असते, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनवर द्रावक पडले की सांध्याशेजारीही बारीक तडे जाऊ शकतात. म्हणून ताण आधी काढायचा आणि सिमेंट नंतर लावायचे.

आमच्या घरी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. तोटी सोडून घमेल्यात पाणी घेतले की आई विचारतेच, “पाणी आंघोळीक की तुझ्या बोटीक रे?” उकळते पाणी वापरायचे नाही, हे मी एका तोफेच्या नळीची शेवई करून शिकलो आहे. विसण घालत घालत, थर्मामीटर सत्तरच्या खाली येईपर्यंत थांबायचे. लाकडाची फळीही उष्णता देऊनच वळवतात, पण लाकूड ओलही शोषते; प्लास्टिक पाणी पीत नाही, पाणी येथे फक्त सर्व बाजूंनी सारखी ऊब पोहोचवते. हेअर ड्रायर हे काम करू शकतो, परंतु त्याचा झोत एकाच जागी तापतो आणि बारीक नक्षी हातची जाते.

भाग मिनिटभर पाण्यात बुडवायचा. बाहेर काढल्यावर दोन्ही अंगठे मध्यावर आणि तर्जन्या टोकांशी ठेवून त्याला सावकाश उलट्या दिशेने, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यायचे, कारण सोडल्यावर तो थोडा मागे येतोच. तसाच धरून विहिरीच्या गार पाण्यात उतरवायचा आणि बोटांना ऊब लागेनाशी होईपर्यंत सोडायचा नाही. एका फेरीत तीन मिलिमीटर काढण्याचा हट्ट धरू नये. मला चार फेऱ्या लागल्या. पारदर्शक भागांवर हा प्रयोग मी करत नाही, कारण ते ठिसूळ असतात आणि वाकण्याऐवजी तडकतात. रेझिनचे भाग याहून कमी उष्णतेतच मऊ पडतात, तेव्हा त्यांना कोमट पाण्यापासून सुरुवात करावी.

उरलासुरला बाक जोडणीत निघतो. स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचे, तुकडे मापाने कापून हलच्या आत आडवे चिकटवले, की दोन्ही बाजू आत झुकत नाहीत. मग नाळेपासून सुरुवात करून एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच सिमेंट लावायचे, टेप बांधायची, आणि तो तुकडा पक्का झाल्यावरच पुढे सरकायचे. पावसाळ्यात मी घाई अजिबात करत नाही. अर्धा तास पुरेल असे वाटले, तरी रात्र जाऊ देतो.

सकाळी भाग पुन्हा काचेवर ठेवला. मध्यावरचा उजेड नाहीसा झाला होता. मागच्या टोकाशी मात्र, कागदाची कड जेमतेम जाईल एवढी फट अजून होती, आणि त्या टोकाला मी शेवटच्या टेपसाठी पेन्सिलीने खूण केली.