झोंबीलाबी न्याय पायजे

(दृश्य: दसरा चौक, सकाळ. दुभाजकाला झेंडे बांधायचं काम चालू आहे.)

कोल्हापूरला मोर्चासाठी कारण शोधत बसावं लागत नाही. टोल नको म्हणून या गावानं वर्षानुवर्षं रस्ता धरला आणि टोल घालवूनच दम घेतला. खंडपीठासाठी वकील काळे कोट घालून उन्हात बसले, शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. त्याच महिन्यात नांदणी मठाची माधुरी हत्तीण परत आणा म्हणून हजारो माणसं चालत कलेक्टर कचेरीवर आली. हत्तिणीसाठी पायांना फोड आणून घेणारं हे गाव. आता ज्याच्यासाठी जगात कुणीच चाललेलं नाही, त्याच्यासाठी चालायची पाळी आहे.

तो स्वतः चालतो म्हणा. हळू चालतो, पाय ओढत, हात पुढं करून. आपल्याकडं कुणी असं येताना दिसलं तर लोक आधी खुर्ची देतात, मग पाणी विचारतात. सिनेमात मात्र त्याला बघितलं रे बघितलं की हिरो बंदूक काढतो, तीही थेट डोक्याला. नाव नाही विचारायचं, गाव नाही विचारायचं.

हा माहितीपट झोंबीच्या, म्हणजे मेल्यावर उठून चालणाऱ्याच्या, बाजूचा आहे. दुसरी बाजू तुम्ही तिकीट काढून बघितलीच आहे.

(दृश्य: शिवाजी पेठ. तालमीबाहेर फुटबॉलचे बूट वाळत घातलेत.)

आपल्याकडं मेलेल्यांशी वागायची रीत होती. मुंजाला पिंपळ दिला, हडळीला विहीर दिली, अमावास्येला तिकटीवर दहीभाताचा उतारा ठेवला. भीती वाटायची, पण उपाशी कुणाला ठेवलं नाही. वेताळाची तर देवळं आहेत. इथं शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम आहे, तिचा फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतो आणि त्याच्या नावानं जिवंत माणसं घसा फाडून ओरडतात.

आणि विक्रम राजाच्या खांद्यावरचा तो वेताळ जरा आठवा. प्रेतात शिरून बसलेला जीव, म्हणजे हिशेबानं झोंबीचा चुलतभाऊ. पण तो बोलतो. पंचवीस गोष्टी सांगतो. माहीत असून उत्तर दिलं नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळतील, असं चक्क राजाला बजावतो. राजा ऐकून घेतो, आणि तो झाडाला जाऊन लटकला की पुन्हा काढून खांद्यावर घेतो. तिकडच्या सिनेमात एक-दोन अपवाद सोडले तर झोंबीला धड एक वाक्य मिळालेलं नाही. नव्वदच्या वर वर्षं झाली, नुसतं ‘आँ’.

(दृश्य: ऊस. नजर जाईल तिथपर्यंत ऊस.)

आता मुद्द्याचं. झोंबी मूळचा कोण? इंग्रजी सिनेमानं सांगितलंय की तो प्रयोगशाळेतून पळालेला रोग आहे, नाहीतर आकाशातून पडलेला किरण. खोटं. झोंबी उसातला आहे.

कॅरिबियन समुद्रात हैती आहे. तिथं फ्रेंचांची वसाहत होती आणि युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर तिथल्या मळ्यांतून जायची. ऊस तोडायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. उन्हात राबून, मार खाऊन माणसं इतकी भराभर मरायची की मालकाला नवी माणसं विकत आणणं परवडायचं. त्या गुलामांचा एकच दिलासा होता: मेलं की सुटलं, जीव समुद्र ओलांडून आपल्या मुलखात परत जातो. आणि भीतीही एकच. मेल्यावरही कुणी उठवलं तर? मांत्रिकानं थडग्यातून काढून पुन्हा फडात उभं केलं तर? तिथले लोक झोंबीला भीत नव्हते. आपण झोंबी होऊ, याला भीत होते.

१७९१ मध्ये या माणसांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश मिळवला. झोंबीची गोष्ट सांगणारे लोक कोण, तर साम्राज्याला हरवणारे गुलाम. हे एवढं तरी सिनेमाच्या सुरुवातीला पाटीवर लिहायला हरकत नव्हती.

पुढं १९१५ ते १९३४ हैतीत अमेरिकेचं लष्कर बसलं होतं. त्या काळात, १९२९ साली, एका अमेरिकन प्रवाशाचं पुस्तक आलं. त्यात उसाच्या फडात राबणाऱ्या मेलेल्या माणसांचं एक प्रकरण आहे. त्या कथेतला माणूस साखर कंपनीच्या गेटवर मेलेल्यांची टोळी घेऊन येतो, त्यांना कामावर लावतो आणि आठवड्याचा पगार स्वतःच्या खिशात घालतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, हा मांत्रिक नव्हे. हा मुकादम आहे.

टोळीला रोज बिनमिठाचं जेवण, कारण मीठ जिभेला लागलं की झोंबीला भान येतं, असा तिकडचा समज. एकदा मुकादमाच्या बायकोला दया आली. सणाच्या दिवशी तिनं त्यांना बाजारात नेलं आणि गोड वड्या घेऊन दिल्या. वड्यांतले दाणे खारवलेले होते. तोंडात दाणा फुटला आणि सगळे एकदम उठले, रांगेनं आपल्या गावाकडं चालू लागले. नातेवाइकांनी हाका मारल्या, त्यांनी वळून बघितलं नाही. आपापल्या थडग्यापाशी जाऊन माती उकरायला लागले आणि तिथंच पडले.

योगायोग बघा. त्याच १९२९ साली इकडं कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहत होती. त्याच्या आधीपासून बाबूराव पेंटरांनी या गावाला कॅमेऱ्याचं वेड लावलेलं. म्हणजे ऊस आमच्याकडं, कॅमेरा आमच्याकडं, मुकादमही आमच्याकडं. गोष्ट मात्र हॉलिवूडनं नेली.

(दृश्य: करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ, रात्रीची वेळ.)

१९३२ मध्ये ‘व्हाइट झोंबी’ आला. त्यातला साखर कारखाना अंधारा आहे. झोंबी डोक्यावर टोपल्या घेऊन चढतात, उसाचे तुकडे घाण्यात ओततात, खाली दुसरे झोंबी गोल गोल फिरत तो घाणा ओढतात. एकाचा तोल जातो आणि तो घाण्यात पडतो. कुणी थांबत नाही, कुणी खाली बघत नाही. लाकूड करकरत राहतं.

आता समोर बघा. इथं चुलवाणात चिपाड कोंबणारा गडी आहे, त्याचं तोंड एका बाजूनंच तांबडं दिसतं. घाण्याला ऊस लावणारा पोरगा उभ्यानं डुलकी घेतो आणि डोळे मिटलेले असताना त्याचे हात पुढची मोळी ओढतात. काहिलीतला रस फुगून काठाला आला की गुळव्या त्यात बोट बुडवल्यासारखं करून थेंब पाण्यात टाकतो, गोळी होते का बघतो. गुळाची पारख आहे ती, चूक झाली तर अख्खं आधण वाया. गुळव्या जागा असतो. बाकीच्यांकडं पहाटे तीनला बघितलं तर खात्री देता येत नाही.

आणि फडात? बीडकडून आलेलं जोडपं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेबाच्या वहीत तसंच धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, ती फिटेपर्यंत तोडणी. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. हैतीच्या एखाद्या आजीला ही पद्धत समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही.

मग १९६८ साली पिट्सबर्गकडच्या जॉर्ज रोमेरो नावाच्या पोरानं थोडक्या पैशात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि आमच्या अशिलाचा धंदाच बदलला. ऊस गेला, मालक गेला, मुकादम गेला. राहिला तो माणसं खाणारा जमाव. ज्याला राबवून खाल्लं, त्यालाच खादाड ठरवलं! मेंदू खातो हा आरोप तर त्याहून उशिराचा, १९८५ च्या एका विनोदी सिनेमानं चिकटवलेला. पुढं त्याला पळायलाही लावलं. आधी पगार नाही, आता विश्रांतीही नाही.

मराठीत झोंबी आले २०२२ च्या जानेवारीत, ‘झोंबिवली’ मधून, आणि गेले कुठं तर डोंबिवलीला. कोल्हापूरला विचारलंसुद्धा नाही. यावर झोंबीच्या हक्कांसाठी काढलेल्या आमच्या समितीत एक निषेधाचा ठराव झाला आहे. त्याबद्दल इथं जास्त बोलत नाही.

(दृश्य: न्यायालयाच्या आवारातली चहाची टपरी.)

कायद्याचं बघू. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ म्हणतं की कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मृतदेहाची विटंबना केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुऱ्हाडीनं मुंडकं उडवणं ही विटंबना नव्हे तर काय आरती? राहिला भावना दुखावण्याचा प्रश्न. महाराष्ट्रात तेवढी एक गोष्ट सिद्ध करायला साक्षीदार कमी पडत नाहीत. आणि सन्मानाचा हक्क मेल्यावरही संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच म्हणून ठेवलंय.

हिरोचा वकील विचारणार, तुमचा अशील जिवंत की मेलेला? मेलेला असेल तर चालतो कसा, जिवंत असेल तर मृतदेह कसा? याला आपल्या देशात उत्तर आहे. उत्तर प्रदेशात आझमगडचे लाल बिहारी यांना जमिनीसाठी नातेवाइकांनी कागदावर मारलं. हा गृहस्थ रोज जेवत होता, भांडत होता, निवडणूक लढवत होता, पण तहसीलच्या दप्तरी मयत. त्यांनी नावापुढं ‘मृतक’ लावलं, अशाच मयतांचा संघ काढला आणि १९९४ मध्ये कागदावर पुन्हा जिवंत झाले. २००३ चं शांततेचं इग नोबेल, म्हणजे नोबेलचं विनोदी भावंड, त्यांना मिळालं. सरकारदरबारी जगणं-मरणं श्वासावर ठरत नाही, शिक्क्यावर ठरतं, हे त्यांनी सिद्ध केलं. शिक्का आम्ही मिळवू.

तसा प्रत्येक पेन्शनर नोव्हेंबरात या रांगेत उभा असतोच. समोर बसून ‘मी आहे’ असं म्हटलेलं चालत नाही, हयातीचा दाखला लागतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशिन घेत नाही, काका बोट पुसतात, पुन्हा ठेवतात, मशिन पुन्हा नाही म्हणतं. झोंबीचं काय होईल याची चिंता आहे. त्यानं अंगठा ठेवला आणि अंगठा तिथंच राहिला, तर दाखला अंगठ्याला द्यायचा की उरलेल्याला?

मतदार यादीत मेलेल्यांना जागा मिळालीच आहे, असं विरोधक म्हणतात. विरोधक कुठले, ते निकालावर ठरतं.

अमेरिकेच्या लष्करानं २०११ मध्ये प्रशिक्षणासाठी म्हणून झोंबींविरुद्धच्या लढाईचा आराखडा केला होता. त्यात झोंबींच्या जाती पाडल्यात, आणि त्यांत कोंबडी झोंबी आणि शाकाहारी झोंबीही आहेत. खोटं वाटेल, पण आहेत. शाकाहारींची आम्हाला काळजी नाही, त्यांना पुण्या-मुंबईत फ्लॅट मिळेल. कॅनडातल्या गणितज्ञांनी २००९ मध्ये समीकरणं मांडून दाखवलं की झोंबींवर उपचार केले तर दोघंही शिल्लक राहतात, फक्त माणसं कमी उरतात. मग त्यांनी शिफारस कशाची केली? जोरात आणि पुन्हा पुन्हा हल्ल्याची. सहजीवन गणितात बसत होतं, मनात बसलं नाही.

(दृश्य: चित्रनगरी. झाडाखाली मावळ्यांच्या वेशातली माणसं डबा खातायत.)

हक्काचा खरा प्रश्न इथं आहे, पोटाचा. ऐतिहासिक शूटिंगला या गावातली माणसं पिढ्यान्पिढ्या मरत आलीत. सकाळी गनीम म्हणून मरायचं, जेवण झालं की फेटा बदलून मावळा म्हणून मरायचं. पडल्यावर हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. उद्या इथं झोंबीपट निघाला तर त्यांना मेल्यावर उठायचंय, चालायचंय, चावायचंय, आणि पुन्हा मरायचंय. एका हजेरीत दोन मरणं. समितीची मागणी साधी आहे: दुसऱ्या मरणाचे वेगळे पैसे.

(दृश्य: तालमीचा हॉल. सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात मोठी पातेली.)

मोर्चाची तयारी झाली होती. मार्ग ठरला, दसरा चौक ते कलेक्टर कचेरी. झोंबी सावकाश येतात म्हणून त्यांना आदल्या रात्रीच निघायचा निरोप द्यायचं ठरलं. घोषणांवर वाद झाला नाही, कारण ‘आँ’ ही घोषणा एकमतानं मंजूर झाली. बैठक अडली ती जेवणावर.

आलेल्याला मटण-भाकरी आणि तांबडा-पांढरा घातल्याशिवाय पाठवायचं, हे या गावात कुणाला जमणार नाही. पण एका अभ्यासू सभासदानं ते खारवलेल्या दाण्यांचं प्रकरण काढलं. झोंबीनं पांढऱ्याचा पहिला घोट घेतला की त्याला भान येणार, तो वाटी ठेवणार आणि उठून थेट आपल्या थडग्याकडं चालू लागणार. मोर्चा दसरा चौकातच रिकामा. म्हणून सूचना आली की झोंबींसाठी वेगळं पातेलं लावावं, बिनमिठाचं.

आचारी तोवर कांदा चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली.

“बिनमिठाचं? भावा, माझ्या हातनं जमायचं न्हाई.”

“अवो मामा, त्यांच्या भल्यासाठीच.”

“भल्यासाठी? आन् राबायला लावणारा काय घालत हुता त्यास्नी?”

कुणी बोललं नाही. मग मागून एकानं विचारलं, निदान मसाला घालायच्या आधीचं अळणी तरी द्या की एकेक वाटी. आचाऱ्यानं त्याच्याकडं असं बघितलं, की हा कुठल्या गावचा. कोल्हापुरात अळणीतही मीठ असतं.

ठराव मताला टाकला. पडला. जेवण सगळ्यांना एकाच पातेल्यातून, आणि ज्यांना जेवल्यावर घरी जायचंय त्यांना कुणी अडवायचं नाही, असं इतिवृत्तात लिहून घेतलं.