क्षणाचा वेग

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याशी जुनं देऊळ, दगडावर कोरलेली अक्षरं)

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचं ठिकाण आहे. इथल्या देवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. चंगदेव नावाच्या ज्योतिषाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याची ही नोंद. आजोबा म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ 1150 सालचा. त्यात चंद्राने घातलेला एक पेच आहे. चंद्र रोज सरासरी 13 अंश सरकतो. पण कधी जेमतेम 12, कधी 15. काल आणि आज यांची वजाबाकी केली की दिवसाची गती मिळते. तिथी नेमकी कधी संपते हे काढायला मात्र ती ढोबळ पडते. तिथे त्या वेळेचीच गती हवी. तिचं नाव तात्कालिक गती.

एवढ्यावरून भास्कराचार्यांना कॅल्क्युलसचे, म्हणजे बदल मोजणाऱ्या गणिताचे, जनक ठरवायची घाई नको. पण प्रश्न तोच होता. एका क्षणात चंद्र किती सरकतो? शून्य. किती वेळात? शून्य. मग भागायचं कशाला कशाने?

(दृश्य: विहिरीत पडणारा दगड, अगदी संथ)

चंद्र राहू दे, दगड सोपा. हवेचा अडथळा विसरू, आकडेही गोल करून घेऊ. 1 सेकंदात दगड 5 मीटर पडतो, 2 सेकंदांत 20. सेकंदांचा वर्ग करायचा आणि 5 ने गुणायचं. आता पहिला सेकंद पुरा झाला, बरोबर त्या क्षणी वेग किती?

(दृश्य: वहीवर एकेक आकडा उमटतो)

पुढचा अख्खा सेकंद धरला तर सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर. दशांश सेकंद धरला, 10.5. शतांश, 10.05. सहस्रांश, 10.005. शून्य वेळ आपण एकदाही घेतला नाही, तरी आकडे कुठे निघालेत ते दिसतंय. ते 10 म्हणजे या सरासरींची सीमा. अशी सीमा काढणं म्हणजे अवकलन. उलट, वेगाचे बारीक तुकडे जोडत अंतर काढलं की समाकलन.

न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात हे नियमांत बसवलं. पण तो इवलासा वेळ म्हणजे नक्की काय, हे धड कुणालाच सांगता येईना. भागताना तो शून्य नसतो, आणि शेवटी शून्य म्हणून सोडून द्यायचा! 1734 मध्ये बिशप बर्कली यांनी टोमणा मारला, ही तर निघून गेलेल्या संख्यांची भुतं. टोमणा झोंबला, कारण खोटा नव्हता.

भूत उतरवलं ते एकोणिसाव्या शतकात. 1821 मध्ये फ्रेंच गणिती कोशी यांनी सुरुवात केली, जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी ते काम पक्कं केलं. सीमेची त्यांची व्याख्या म्हणजे सरळ पैज आहे.

तुम्ही म्हणा, सरासरी 10 पासून 0.001 च्या आत आणून दाखव. मी म्हणतो, सेकंदाच्या 0.0002 पेक्षा छोटा तुकडा घ्या. तुम्ही अजून बारीक मागा, मी अजून छोटा तुकडा देतो. तुम्ही थकाल, मी नाही.

आणि मी 10 ऐवजी 9.9 म्हणालो असतो तर? तुम्ही 0.05 च्या आत आण म्हटलं असतं आणि मी तिथेच गप्प बसलो असतो.

(आवाज: दगड पाण्यात)