उंची न विचारता दिसली पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीकडं विमान उतरताना आवाज आला की आपली मान आपोआप वर जाते. त्या विमानाला आकाशात वाट करून देणाऱ्या नियंत्रकाला समोरच्या पडद्यावर काय दिसतं, ते आज सांगायचं आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदिया या सौदी अरेबियाच्या विमान कंपनीचं बोइंग ७४७ दिल्लीहून उडून वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीत उतरायला येत होतं. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना तिथं वाट एकच. बोइंगला सांगितलं, १४,००० फुटांवर थांबा. इल्युशिनला सांगितलं, १५,००० वर. मधे हजार फूट मोकळे. समोरून बोइंग येतंय, हेही नियंत्रकानं इल्युशिनला कळवलं. पण इल्युशिन १५,००० च्या खाली उतरत गेलं. नियंत्रकाच्या रडारवर नुसता ठिपका! ठिपका कुठं आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. वैमानिक रेडिओवर सांगतील तीच उंची. आणि इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा, त्याच्यासमोर उंची दाखवणारं यंत्रच नव्हतं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं आभाळातच धडकली, ३४९ माणसं गेली. एकही वाचला नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, उंची न विचारता दिसली पाहिजे. दुय्यम रडार विमानाला प्रश्न टाकतं, विमानातला ट्रान्सपाँडर, म्हणजे उत्तर देणारं यंत्र, विमानाची ओळख सांगणारा चार आकडी कोड आणि शंभर-शंभर फुटांच्या हिशेबानं उंची कळवतो. कोडात ० ते ७ एवढेच आकडे. रेडिओ बंद पडला तर ७६००. ट्रान्सपाँडर चुकून स्टँडबायवर, म्हणजे उत्तर न देता नुसता तयार, राहिला, तर पडद्यावर उंची नाही, कोडही नाही. नवी एडीएस-बी पद्धत प्रश्नाची वाटच बघत नाही. विमान उपग्रहावरून आपली जागा काढतं आणि स्वतःच सारखं सांगत राहतं.

  

शेवटचं कवच टीकॅसचं, म्हणजे विमानातच बसवलेल्या, टक्कर टाळणाऱ्या यंत्राचं. दोन विमानांतली यंत्रं आपसात ठरवतात, एकाला ‘चढ’, दुसऱ्याला ‘उतर’. त्या वेळी नियंत्रकाचा हुकूम उलटा असला तरी वैमानिकानं यंत्राचंच ऐकायचं आणि रेडिओवर एवढंच म्हणायचं, ‘टीकॅस आरए’, म्हणजे टीकॅसनं टक्कर टाळायची सूचना दिली आहे. मग धोका टळल्याचं वैमानिक कळवेपर्यंत नियंत्रक त्या विमानाची वाट बदलत नाही.