‘आपली मुलं तशी नाहीत’

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी दहाच मिनिटं दिली आहेत, आणि माझी ख्याती माहीत असल्यामुळे माइकच्या बटणापाशी माणूसही बसवला आहे.

मी खरं तर मुलांच्या करिअरवर बोलणार होतो. पण मध्यंतरी घरी वाजलं. आमच्या चिरंजीवांचा एक मित्र दुकानात चोरी करताना पकडला गेला. मंडळातला नाही. (बघा, तीन रांगांना हायसं वाटलं!) मी फर्मान काढलं, त्याच्याशी संबंध बंद. चिरंजीव म्हणाले, “बाबा, उद्या मी सापडलो तर मंडळातल्या कोणी माझ्याशी बोलायचं नाही, असंच ना?” त्यावर मी आवाज चढवला. उत्तर नसलं की आवाज चढतो, हे इथल्या तमाम बाबांना माहीत आहे.

ते वाक्य काही पाठ सोडेना, म्हणून वाचायला बसलो. लंडनमध्ये १९६१ साली आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढे कित्येक दशकं चालला. नंतर गुन्ह्यांत अडकलेल्यांच्या लहानपणात काय जास्त आढळलं? उतावळा, आवर न घालता येणारा स्वभाव, शाळेत मागे पडणं, गरिबी, घरात आधी कोणी गुन्ह्यात सापडलेलं असणं, आणि आईवडिलांची शिस्त एक तर फार कडक किंवा अजिबात धरबंध नसलेली. एकाच कारणानं मूल बिघडत नाही. ती एकावर एक साठत गेली की धोका वाढतो. आणि बरंच काही साठूनही कित्येक मुलं सरळ राहतात.

यादी वाचून मी खूश. गरिबी नाही, मार्क बरे, घराण्यात चोर नाही. मग शिस्तीपाशी आलो. सोमवारी मोबाइल जप्त. बुधवारी माझी मीटिंग चालू असताना “घे बाबा, पण गप्प बस” म्हणून परत. बायकोनं फक्त भुवई उंचावली.

आता ‘संगत’. आपलं सगळ्यांचं लाडकं कारण, कारण ते दुसऱ्याच्या मुलावर ढकलता येतं. त्यात तथ्य आहेच. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगणकावर गाडी चालवायला दिली होती. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत, मोठ्यांमध्ये असा फरक पडत नव्हता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्या मुलाला वर्ग, शाळा, ओळखीची घरं सगळेच दूर लोटतात, ते मूल जिथे घेतात तिथे जातं. माझ्या फर्मानानं त्या पोराला नेमकं कुठे पाठवलं असतं?

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की या वयात नियम मोडणारी बहुतेक मुलं मोठेपणी आपोआप थांबतात. लहानपणापासूनच आक्रमक असलेली जी थोडी मुलं असतात, तीच पुढेही तशी राहतात. मात्र थांबणाऱ्यांच्याही वाटेत सापळे असतात. शाळा सुटते, व्यसन लागतं, पोलिसांत नोंद होते, आणि परतीची वाट बंद होते.

मला खरा धक्का दिला तो स्वीडनमधल्या अभ्यासानं. स्टॅटिन आणि केर यांनी २००० साली दाखवलं की आईवडिलांना मुलाबद्दल जे माहीत असतं, ते बहुतांशी मुलानं आपणहून सांगितलेलं असतं; पाळत ठेवून, उलटतपासणी करून फार कमी हाती लागतं. मी मुलाचा फोन नकाशावर बघतो. ठिपका लायब्ररीत असतो. सोबत कोण आहे, ते ठिपका सांगत नाही.

आणि आपण सगळे मिळून काय करतो? चाळीत आपला प्रताप आपल्याआधी घरी पोचायचा. तेव्हा चीड यायची. पण शेजारी मुलांमध्ये लक्ष घालायला तयार असतील तर त्या वस्तीत हिंसा कमी दिसते, असं शिकागोतल्या १९९७ च्या अभ्यासातही आढळलं. बातमी आपल्याकडे आजही सगळ्यांत आधी पोचते हो, फक्त त्या घरी जात नाही, बाकी सगळीकडे जाते. काही कुटुंबं अचानक मेळाव्याला यायची बंद झाली, आठवतंय? का, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना फोन किती जणांनी केला? मी तरी नाही केला.

माझी अडचण मात्र अजून सुटलेली नाही. मुलानं सांगावं म्हणून शांतपणे ऐकून घ्यावं, तर त्याला वाटेल बाबांना चालतं. रागवावं, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. चोरी ही चोरीच, हे तर त्याला कळलंच पाहिजे. मग ऐकून झाल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं? कोणाला जमलं असेल तर मध्यंतरात मला गाठा. फक्त “आमच्याकडे तसं काही नाही हं” अशी सुरुवात करू नका.